आधुनिक कला नाण्यावर उतरते का? बाउहाउस, क्लिम्ट आणि आपलं माणिकबाग

नाणेघाट_इंदूर

राम राम मंडळी. जर्मनीचं, तिथल्या बाउहाउस या गाजलेल्या डिझाइन-शाळेच्या शताब्दीचं नाणं एकदाचं हाती आलं. २०१९ चं, २० युरोचं, स्टर्लिंग चांदी, १८ ग्रॅम. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडतो. आधुनिक कलेचा आणि डिझाइनचा गौरव करायला काढलेली नाणी स्वतः आधुनिक असतात का?

माझं मत: बहुतेक नसतात. टांकसाळी गाजलेलं एखादं चित्र उचलतात, गोलात कोंबतात, कडेनं नाव आणि साल फिरवतात, की झालं काम. ऑस्ट्रियाची, चित्रकार क्लिम्टवरची मालिका घ्या. २०१२ ते २०१६, दरवर्षी एक, ५० युरोचं सोन्याचं नाणं. 'आडेले ब्लॉख-बाउअर'पासून सुरुवात, 'चुंबन'नं शेवट, आणि पाच नाण्यांवर मिळून क्लिम्टच्या नावाची पाच अक्षरं. कारागिरी अप्रतिम, त्याबद्दल वादच नाही. पण क्लिम्टच्या चित्रात सोन्याचा वर्ख सपाट असतो आणि त्यातून चेहरा नि हात तेवढे जिवंत होऊन बाहेर येतात. सगळी गंमत त्या फरकात आहे. नाण्यात चेहराही सोन्याचा आणि झगाही सोन्याचा. फरक संपला, उरली नक्षी.

याच्या उलट स्लोव्हेनियाचं १० सेंटचं नाणं. स्मारक नाणं नव्हे, रोज भाजीवाल्याकडे चालणारं. २००७ ला त्यांनी युरो घेतला तेव्हापासून त्यावर योझे प्लेचनिक या वास्तुकारानं १९४७ मध्ये आखलेलं संसद भवन आहे, जे कधी बांधलंच गेलं नाही! चार रेषांत उभा केलेला उंच शंकू. न झालेली इमारत लोक खिशात घेऊन फिरतात.

आणि आता घरचं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा आपला राजवाडा सजवून घेतला तो १९३० ते ३३ च्या दरम्यान. जर्मनीत नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं ते १९३३ लाच. पोलाद, काच, कृत्रिम चामडं, शिल्पकार ब्रांकुसीचे पक्षी, सगळं आपल्या गावात. आणि याच राजाचं १९३५ चं तांब्याचं पाव आण्याचं नाणं बघा: पगडी घातलेला राजाचा अर्धपुतळा, आजोबांच्या काळात शोभलं असतं असं. घरात जगातलं सगळ्यात नवं फर्निचर, आणि नाण्यावर तोच जुना दरबार. हे कोडं मला सुटत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते टाका, आणि मतं सांगा.

एक_पुणेकर

कोडं कसलं त्यात? नाणं रयतेसाठी असतं, खुर्ची स्वतःसाठी. राजेसाहेबांनी पॅरिसला जाऊन सूट घालून चित्र काढून घेतलं, आणि मराठा पोशाखातलंही काढून घेतलं. चित्रकार एकच, बर्नार बुते द मोंव्हेल. ज्याला जो चेहरा दाखवायचा तो दाखवला.

मूळ प्रश्नावर: रंग नाही तिथे चित्रकलेनं जाऊच नये. त्यासाठी टपाल तिकीट आहे. आपल्या टपाल खात्यानं १९७८ मध्ये आधुनिक भारतीय चित्रकलेचा संच काढला होता. रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी. शेरगिलचा तांबडा तिकिटावर दिसतो. चांदीत काय दिसणार, कपाळ?

डायवाला_पीथमपूर

पुणेकर, रंगाचं बरोबर, पण चित्रकला म्हणजे आधुनिक कला एवढंच नाही. शिल्प आहे, इमारत आहे, खुर्ची आहे, अक्षर आहे. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी धातूत खुलतात.

माझी नोकरी डाय, म्हणजे धातूला आकार देणारे पोलादी साचे, बनवण्यात गेली. नाण्यांच्या नव्हे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या, पण दाबाखाली धातू कसा वागतो हे दोन्हीकडे सारखंच. थोडं सविस्तर लिहितो, कारण नाण्यांच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही.

नाण्यावरचा उठाव म्हणजे मिलिमीटरचा अंश. पूर्वी कलाकार नाण्याच्या कितीतरी पट मोठा प्लास्टरचा साचा करायचा, आणि मग एक यंत्र त्यावर सुई फिरवत तोच आकार लहान करून पोलादात कोरायचं. आता संगणकावर करतात. पण अडचण तीच: मोठ्या साच्यात सुंदर दिसणारी बारीक रेष लहान झाली की एक तर बुजते, नाही तर केसासारखी होऊन डाय लवकर मारते. शिवाय दोन्ही बाजू एकाच फटक्यात उठतात. एका बाजूला मधोमध भला मोठा उंच चेहरा ठेवला तर धातू तिकडे ओढला जातो आणि मागच्या बाजूला त्याच जागी छाप फिकी पडते. म्हणून जाणकार रचनाकार पुढची नि मागची बाजू एकत्र विचारात घेतो.

आता प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत काढलेलं. त्यात चकती आधीच घासून चकचकीत केलेली, डायचा सपाट भाग आरशासारखा आणि उठावाचा भाग मुद्दाम खरखरीत. सावकाश, एकाहून जास्त वेळा दाब देतात. मग पार्श्वभूमी आरसा आणि आकृती दुधाळ. म्हणजे तुमच्याकडे दोनच 'रंग' आहेत: चकाकी आणि धूसर. ज्याची कला दोन पृष्ठभागांवर चालते तो नाण्यावर जिंकतो. ब्रांकुसीचा पक्षी तर उलटा करून घ्यावा, म्हणजे पक्षी आरसा आणि आकाश धूसर. त्यानं स्वतः ते काशाचे पक्षी चेहरा दिसेपर्यंत घासले होते. क्लिम्ट हरतो तो इथेच, नाणेघाट म्हणतायत त्याच कारणानं.

सुलभाताई_रामबाग

छान धागा. नाण्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण माणिकबागचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्या ह्यांची नोकरी उत्पादन शुल्क खात्यात होती, आणि ते कार्यालय माणिकबागेतच, आजही आहे. आता जीएसटी म्हणायचं. हे सांगायचे की नवीन बदलून आलेल्या साहेबाला कुणीतरी कौतुकानं सांगायचं, साहेब, इथे जगप्रसिद्ध खुर्च्या होत्या. साहेब विचारायचा, कुठे आहेत? मग सगळे गप्प.

पण इंदूर आणि नाणी म्हटलं तर तुमच्यापैकी कुणीच दीनानाथ भार्गवांचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. संविधानाच्या हस्तलिखितासाठी सारनाथचे सिंह त्यांनी रेखाटले. त्याआधी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह बघत बसायचे. पुढे आयुष्य इंदुरातच गेलं, २०१६ च्या डिसेंबरात इथेच वारले. आता खिशातलं कुठलंही नाणं काढून बघा, सिंह आहेतच. स्मारक नाणं पाहिजे कशाला?

नाणेघाट_इंदूर

सुलभाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि तुमच्या त्या कार्यालयावरून आठवलेली गोष्ट इथे टाकल्याशिवाय राहवत नाही.

१९२६ मध्ये ब्रांकुसीचा एक 'अवकाशातला पक्षी' न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. कलाकृतीवर अमेरिकेत जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यांनी ते उभट चकचकीत धातूचं पातं बघितलं आणि ही कला नव्हेच म्हणून ठरवलं. स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं सामान ज्या वर्गात मोडतं त्यात टाकून ४० टक्के जकात लावली. खटला उभा राहिला, आणि १९२८ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की हे शिल्पच आहे.

त्याच मालिकेतले तीन पक्षी यशवंतरावांनी घेतले: एक काशाचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. आणि ज्यानं घेतले त्याच्या वाड्यात आज कर गोळा करणारं खातं बसतं. नियतीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

राजवाडा_चौक

भिया, मजा आणली. इकडे सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताखाता वाचून राहिलो.

एक अडाणी प्रश्न. हे २० युरोचं नाणं तिकडे दुकानात चालतं का, की नुसतं डबीत ठेवायचं? आणि आपल्याकडे २०२५ ला अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं निघालं, त्याचं पण हेच ना? माझ्या मावसभावानं एका वेबसाइटवरून मागवलं, आलेलं नाणं वजनाला हलकं. नाव घेत नाही, पण सांभाळा.

डायवाला_पीथमपूर

राजवाडा, तीनशेचं नाणं किराणावाल्याला देऊ नका, तो घेणारही नाही. ही नाणी टांकसाळ डबीत घालून छापील किमतीपेक्षा जास्त भावात विकते, संग्राहकांसाठी. थेट सरकारी टांकसाळीकडूनच घ्या. प्रत्येक नाण्याची राजपत्रात अधिसूचना निघते आणि त्यात वजन, व्यास, धातूचं प्रमाण, दातेरी कडा सगळं लिहिलेलं असतं. घरी सोनाराचा काटा असेल तर मिनिटाचं काम. आपल्या कायद्यानं, २०११ च्या नाणे अधिनियमानं, हजार रुपयांपर्यंतचं नाणं काढता येतं.

जर्मनीचं २० युरो तिकडे कायदेशीर चलन आहे, पण शेजारच्या फ्रान्समध्ये चालत नाही. दोन युरोची स्मारक नाणी मात्र युरोवाल्या सगळ्या देशांत चालतात.

मृण्मयी_ग

उशिरा येतेय, पण मला सगळ्यांशीच थोडं भांडायचंय. :)

मी डिझाइन शिकवते, त्यामुळे माझा चष्मा वेगळा. आधुनिक डिझाइनचा खरा गौरव स्मारक नाण्यात नसतो, चालू नाण्यात असतो. आणि त्यासाठी युरोपला जायचं कारण नाही. दशमान पद्धत आल्यानंतरची आपली पैशांची नाणी आठवा. चौकोनी पाच पैसे, फुलासारख्या कडेचे दोन आणि दहा पैसे, नंतर आलेले षटकोनी तीन पैसे. आकारावरून किंमत. अंधारात, खिशात, न वाचता येणाऱ्या माणसाला, दृष्टिहीनाला, सगळ्यांना कळणारी. बाउहाउसच्या एखाद्या मास्तरानं पाठ थोपटली असती. आम्ही पोरं त्यांना चिल्लर म्हणून फेकत होतो.

नंतर ते हरवलं. २००७ च्या सुमाराची हाताच्या मुद्रांची मालिका आठवते? पन्नास पैशाला मूठ, रुपयाला अंगठा, दोन रुपयाला दोन बोटं. कल्पना मला आवडली होती, खरंच. पण पन्नास पैसे आणि रुपया हातात घेतल्यावर लोकांचा गोंधळ व्हायचा. बोटं बघायला उजेड लागतो. २०१९ च्या मालिकेत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं, म्हणजे एनआयडीनं, पुन्हा हाताच्या स्पर्शाचा विचार केला. वीस रुपयांचं बारा कोनी नाणं त्यातलंच.

बाहेरची दोन उदाहरणं देते, कारण ती मी वर्गात दाखवतेच. १९८२ ची नेदरलँड्सची गिल्डर नाणी, ब्रुनो निनाबर फान आयबेन यांची. राणीचा चेहरा एका बाजूला सरकवलेला आणि मागे नुसत्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी नि आकडा. दुसरं २००८ चं ब्रिटनचं, मॅथ्यू डेंटचं: राजचिन्हाची ढाल तोडून पेनीपासून ५० पेन्सपर्यंतच्या नाण्यांवर वाटून टाकली. सगळी नाणी टेबलावर लावली की ढाल पूर्ण. एकटं नाणं अपुरं आहे, हे सांगायची हिंमत लागते.

नाणेघाट, तुमच्या प्रश्नाला स्मारक नाण्यांतून एकच दणदणीत 'हो' माझ्याकडे आहे. नेदरलँड्सचं २००८ चं वास्तुकलेचं पाच युरो. स्तानी मिखिल्स नावाच्या कलाकारानं राणीचा चेहरा वास्तुकारांच्या नावांनीच घडवला. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, हे इंटरनेटवर कुणाचा शोध जास्त होतो त्यावरून ठरवलं. मागच्या बाजूला कडेनं इमारतींसारखी उभी केलेली पुस्तकं, आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत देशाचा नकाशा. सगळं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनं, मुक्त सॉफ्टवेअर वापरून. इमारतीचं चित्र एकही नाही, आणि तरी ते वास्तुकलेचं नाणं आहे.

एक_पुणेकर

मृण्मयीताई, शेवटचा परिच्छेद वाचून मत बदलावं लागतंय की काय अशी भीती वाटते. पण तूर्तास तिकिटांवर ठाम.

बाय द वे, नोटांचं काय? स्वित्झर्लंडच्या १० फ्रँकच्या जुन्या नोटेवर वास्तुकार ल कोर्बुझिए होता, आणि मागच्या बाजूला चंडीगडच्या इमारती. म्हणजे स्विस लोक आपल्या चंडीगडची इमारत पाकिटात घेऊन फिरत होते. २०२१ ला ती मालिका बाद झाली.

बडोदेकर

इंदूरकरांनी माणिकबागेचा झेंडा उंच धरला आहेच, तर आमचंही ऐका. नारायण श्रीधर बेंद्रे जन्मले तुमच्याकडे, १९१० मध्ये, चित्रकला शिकले देवळालीकर मास्तरांकडे, तेही इंदुरात. पण १९५० पासून पुढची १६ वर्षं त्यांनी आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाखेत घालवली, आणि भारतातली एक आख्खी पिढी घडवली. नाणं काढायचं तर बेंद्र्यांचं काढा, आणि दर्शनी बाजू बडोद्याला द्या.

राजवाडा_चौक

घ्या! माणूस आमचा, मास्तर आमचे, चित्रकार हुसेनपण याच देवळालीकरांकडे शिकायला यायचे, आणि दर्शनी बाजू यांना. दर्शनी बाजूला सिंह असतात साहेब, म्हणजे भार्गवजी, म्हणजे परत इंदूरच.

बडोदेकर

हे मात्र बिनतोड आहे. माघार.

नाणेघाट_इंदूर

:D

चला, मग खेळ म्हणून विचारतो. आधुनिक कला आणि डिझाइन यांवर भारत सरकारनं एक नाणं काढायचं ठरवलं आणि इंदूरला संधी दिली, तर त्यावर काय?

माझं मत आधीच सांगतो: ब्रांकुसीचं न बांधलेलं ध्यानमंदिर. ते त्याच तीन पक्ष्यांसाठी होतं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुसी स्वतः इंदूरला आला, जागा बघितली. पण राणी संयोगिताराजे त्याच वर्षी गेल्या होत्या, महाराजांचं मन त्यातून उडालं होतं, आणि मंदिर राहिलं ते राहिलंच. प्लेचनिकची न झालेली संसद नाण्यावर येते, तर आपलं न झालेलं मंदिर का नको? डायवाला म्हणाले तसं, धूसर पृष्ठभागावर तीन चकचकीत उभ्या रेषा. खाली साल. बस.

सुलभाताई_रामबाग

नाणेघाट, तुमची कल्पना सुंदर आहे पण मला पटत नाही. स्पष्टच लिहिते, राग मानू नका.

ते पक्षी कुठे आहेत आज? दोन संगमरवरी ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात, १९७३ मध्ये गेले. काशाचा कॅलिफोर्नियात. १९८० मध्ये मोनाकोला लिलाव झाला, त्यात ते दिवे बसवलेल्या लाल खुर्च्यांसारखं किती सामान गेलं. २०१९ मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा आमच्या भाचीनं तिथून फोटो पाठवले: बघ मावशी, तुझं माणिकबाग. इंदूरकरांनी ते बघायला पॅरिसला जायचं! जे आपण सांभाळलं नाही, त्याचं चांदीचं नाणं काढून चढ्या भावात विकायचं, हे मला विकलेल्या दागिन्याच्या फोटोला हार घालण्यासारखं वाटतं.

नाणेघाट_इंदूर

राग कसला, ताई. पण 'आपण' सांभाळलं नाही म्हणजे कुणी? ते सामान गावाचं कधीच नव्हतं. राजाचं होतं, त्याच्या वारसांनी विकलं. सामान्य इंदूरकर त्या खुर्चीवर १९३३ लाही बसला नव्हता आणि १९८० लाही. उलट नाण्यावर आलं तर पहिल्यांदाच ते सगळ्यांचं होईल.

मृण्मयी_ग

दोघांनाही बाजूला सारून म्हणते: मग जे इंदुरात आहे आणि सामान्य इंदूरकर ज्यात राहतो तेच का नको? अरण्य वसाहत.

वास्तुकार बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प संस्थेनं १९८० च्या दशकात आखली. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, बहुतेक गरिबांसाठी. घर बांधून दिलं नाही. जोतं, पाणी, सांडपाण्याची सोय, संडास-मोरीचा गाभा एवढंच दिलं, आणि वर काय बांधायचं ते ज्याच्या त्याच्या कमाईवर नि मर्जीवर सोडलं. नमुना म्हणून काही घरं तेवढी बांधून दाखवली. १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार, २०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार. माणिकबाग इतकीच ही पण आधुनिकता आहे, फक्त हिच्यात लोकांनी आपापले जिने, ओटे, जाळ्या, तुळशीवृंदावनं लावली. लिलाव होऊ शकत नाही.

डायवाला_पीथमपूर

रचना म्हणून पण सोपी. अरण्यचं घर जोत्यापासून वाढत जातं ना? मग एका नाण्याऐवजी चार नाण्यांचा संच करा. पहिल्यावर नुसतं जोतं, दुसऱ्यावर एक खोली, तिसऱ्यावर जिना आणि ओटा, चौथ्यावर गच्ची. किंमत वाढत जाते तसं घर वाढतं: पाच, दहा, वीस, पन्नास. पाचच्या नाण्यावर जोत्याभोवती मोकळी जागा सोडायची, उठाव फक्त चौथऱ्याला. धातू मागच्या सिंहांकडे नीट वाहील, छाप बुजणार नाही.

सुलभाताई_रामबाग

हे मला मान्य. आमच्याकडे कामाला येणाऱ्या शांताबाई अरण्यमध्येच राहतात. मागच्या वर्षी वर खोली काढली. त्या पाचाच्या नाण्यावरून वीसच्या नाण्यावर आल्या म्हणायचं.

एक_पुणेकर

दोशी मूळचे पुण्याचे, एवढंच नमूद करून ठेवतो. जन्म १९२७.

राजवाडा_चौक

आलंच पुणं! पण भिया, १९२७ म्हणजे २०२७ ला जन्मशताब्दी. सरकार शताब्दीला नाणं काढतंच की. कुठे लिहायचं असतं?

डायवाला_पीथमपूर

वित्त मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग. नाण्यांचं काम तिथे बघतात. साधं पत्र, सोबत का आणि कशासाठी याचं एक पान, आणि जमलं तर रेखाटन. उत्तराची खात्री नाही, पण पत्राला पैसे पडत नाहीत.

नाणेघाट_इंदूर

मी मसुदा लिहितो, रविवारी इथेच टाकतो. मृण्मयीताई, चार नाण्यांची रेखाटनं तुमच्या विद्यार्थ्यांकडून मिळतील का? गोलात, काळ्या-पांढऱ्यात, राखाडी न वापरता. आणि ल कोर्बुझिएचा फोटो कुणी मध्ये घुसवू नका.

मृण्मयी_ग

मिळतील. परीक्षा संपू देत. पण पन्नासचं नाणं आपल्याकडे रोजच्या चलनात नाही, तेव्हा एक तर संच वीसपर्यंतच ठेवा नाही तर चौथं चांदीचं करा. मुलांना आकडा आधी लागेल.

राजवाडा_चौक

वीसपर्यंत ठेवा. गच्ची ज्याची त्यानं बांधावी.